नाक्यावर ठेवलेली चकमक

माझ्या सासऱ्यांच्या गावात मी कोणत्या वाटेनं शिरलो, असं मला एकदा सरकारनं विचारलं होतं. प्रश्न साधा होता. पण त्याचं उत्तर देताना माझी जी तारांबळ उडाली ती अजून आठवते, आणि दर वेळी तिच्यातली एखादी नवीच गोष्ट ध्यानात येते.

ते वनखात्याचं गाव होतं. आता तो मुलूख गडचिरोली जिल्ह्यात मोडतो. तेव्हा सगळा चांदा जिल्हाच. राखीव जंगलाच्या पोटात मोजकी घरं. जमीन खात्याची. घरटी धानाचा एक तुकडा मिळे, आणि त्याच्या बदल्यात घरातल्या कर्त्या माणसानं खात्याच्या कामावर जायचं: झाडं तोडायची, रोपं लावायची, वणवा पुढे सरकू नये म्हणून जंगलात आखलेले रुंद पट्टे झाडून मोकळे ठेवायचे. या पट्ट्यांना जाळरेषा म्हणत. कामाला माणूस नसला की तुकडा दुसऱ्या घराला जाई.

बाहेरच्या माणसानं या गावात राहायचं नाही असा नियम होता. सूट फक्त जावयाला. पण त्यालाही दोन गोष्टी दाखवाव्या लागत. एक, लग्न खरं झालं आहे. दुसरी, मुळात तो गावात आला तो नाक्यावरून, गाडीरस्त्यानं आला. राखीव जंगलातून घुसला नाही. लाकूडचोर जंगलातून येत, कोणाच्या तरी घरी तळ ठोकत आणि विचारलं की मी इथला जावई म्हणत. त्यांच्यामुळे हा दुसरा नियम आला होता.

मी लाकूडचोर नव्हतो. मूलच्या बाजूच्या धानाच्या गावातला, सातवी झालेला, एका व्यापाऱ्याकडे मुनीम म्हणून लागलेला बावीस वर्षांचा मुलगा होतो. चारोळी कोणत्या गावात किती निघते ते पाहून ये, एवढंच मला सांगितलं होतं. स्वभाव मात्र तेव्हाही असाच होता. शेजारच्या घरात भांडं पडलं तरी आपलंच काही चुकलं असं मला वाटे. घरून निघताना आईला नीट सांगितलं नाही याचं ओझं घेऊनच मी त्या रस्त्याला लागलो होतो.

वैशाखाचे दिवस होते. नाका म्हणजे रस्त्याला आडवा बांबू आणि बाजूला कुडाची खोपी. नाकेदार खाटेवर बसून पळसाच्या पानांचे द्रोण लावत होता. गाड्यांचे परवाने तो तपासत असे. पायी माणसाची कुठं नोंद होत नसे. पायी माणसाकडून उन्हाळ्यात एकच वस्तू काढून घ्यायची, ती म्हणजे आग.

"कुठी चाल्ला बाबू?"

मी गावाचं नाव सांगितलं, काम सांगितलं.

"खिशात काय हाय?"

"विड्या."

"विड्या राहू दे. आगपेटी काढ."

"आगपेटी नाही. चकमक आहे."

त्यानं हातातलं पान खाली ठेवलं. "तुह्या वयाच्या पोराजवळ चकमक?"

"वडलांची आहे. ते गेले."

"आण इकडे."

चामड्याची लहानशी थैली होती. तिच्यात पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि सावरीचा कापूस भरलेली बांबूची नळी. नाकेदारानं पोलाद हातात घेतलं आणि त्याच्या वाकलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"हे वाकली कशी?"

"लहानपणी मी तिनं दगडाखालचा खेकडा उकरत होतो. चुकलंच माझं."

"मले काऊन सांगते? मी का तुहा बाप हाय?"

त्यानं थैलीला वाखाची गाठ मारली आणि खोपीत नेऊन खुंटीला टांगली. मी मागोमाग दारापर्यंत गेलो. आत कुडावर ओळीनं खुंट्या होत्या, आणि प्रत्येकीवर कोणाची ना कोणाची आग: आगपेट्या, चकमकी, एक पितळी डबी. परत जाताना ज्यानं त्यानं आपली न्यायची. अगदी वरच्या खुंटीवरची थैली कोळ्याच्या जाळ्यानं पांढरी झाली होती.

"ती कोणाची?"

"गेला तो गेलाच. आला नाई."

"कुठं गेला?"

"मी आग सांभाळतो बाबू. माणसं नाई."

हे वाक्य डोक्यात घोळवत मी पुढं निघालो. कोसभर गेल्यावर डाव्या हाताला, सागांच्या मधे, एक दगड उभा दिसला. माणसाएवढा उंच, चपटा, कडा अजून धारदार. तो आपोआप असा उभा राहणं शक्य नव्हतं. कोणी उभा केला असेल, कशासाठी? रस्ता सोडायचा नाही हे मला माहीत होतं; नाक्यावर तसं बजावलंही जाई. चार पावलं जाऊन पाहावं आणि परत यावं, एवढाच विचार होता. दगडाजवळ पोचलो तर तिथून आत दुसरा दिसला. दुसऱ्याजवळून तिसरा. प्रत्येक पुढचा मागच्यापेक्षा जुना, जास्त झिजलेला, एकावर शेवाळाचे वाळलेले डाग. असं पाहत पाहत मी किती आत गेलो ते कळलं नाही, आणि मागं वळून पाहिलं तर अंधारून आलं होतं, मागचा दगडही ओळखू येईना.

ती रात्र मी ऐनाच्या झाडाच्या बेचक्यात काढली. जवळ विड्या होत्या आणि पेटवायला काही नव्हतं. टेंभरं खाल्ली, कोरड्या नाल्यात हातानं खड्डा करून गढूळ पाणी प्यायलो. सकाळी पुन्हा दगड धरून चालू लागलो. दगड संपले तिथून एका बुजलेल्या पायवाटेनं बराच गेलो, तेव्हा समोर छपरांवरचा धूर दिसला. गाडीरस्ता गावाच्या दुसऱ्या अंगाला होता. मी मागच्या बाजूनं आलो होतो.

अंग खरचटलेलं, धोतर फाटलेलं. अशा अवतारात गावात जायची लाज वाटली, म्हणून मी बाहेर मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो. थोड्या वेळानं एक मुलगी पाण्याचा तुंबा घेऊन आली. तुंबा माझ्यापुढे ठेवून ती दूर उभी राहिली.

"रस्ता तिकडे हाय. तू इकडून कसा आला?"

"चुकलो."

"गोट्यायच्या वाटेनं आला तू," ती म्हणाली. गोटे म्हणजे ते उभे दगड, आणि माझं पाणी पिऊन होईपर्यंत तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुढं विचारायचं मला सुचलं नाही. तीच पुढे माझी बायको झाली.

त्या गढूळ पाण्यानं मला ताप आणला. तिच्या वडलांनी मला पडवीत जागा दिली. ताप उतरला तेव्हा चारोळी संपली होती. व्यापाऱ्याला मी काय तोंड दाखवणार होतो? मग नाल्यांना पूर आला. मग रोवणी आली, आणि खाल्ल्या भाकरीला जागावं म्हणून मी चिखलात उतरलो. धान कापून झालं तेव्हा मला तिथून जायचं नव्हतं आणि तिलाही मी जायला नको होतो. तिची आई नव्हती, भाऊ नव्हता. म्हातारे वडील एकटे खात्याच्या कामावर जात आणि संध्याकाळी कमरेला हात लावून बसत. मी आईला पत्र टाकलं. उत्तर भावाचं आलं: तिकडेच राहा.

गावानं पुष्कळ दिवस विचार केला, मला आपल्यात घ्यायचं म्हणून माझ्याकडून गावजेवण घ्यायचं ठरवलं, आणि पुढच्या वैशाखात लग्न धरलं. तेव्हा एक अडचण निघाली. त्यांच्या रिवाजाप्रमाणे नव्या जोडप्याची चूल नवऱ्याच्या घरच्या विस्तवानं पेटते. नवऱ्याकडची माणसं मडक्यात निखारे घेऊन येतात.

"तुह्या घरचा इस्तव पाह्यजे," सासरे म्हणाले. मी त्यांना मामा म्हणत असे.

"घर लांब आहे मामा. आणि तिथून मला कोणी देणार नाही."

मामांनी बराच वेळ तंबाखू मळली. "बापाचं काई हाय तुह्याजवळ?"

तेव्हा मला चकमक आठवली. वर्षभर ती नाक्यावरच होती. बाहेर पडलोच नव्हतो, मग परत कशी घेणार? मी सांगितलं. मामा दुसऱ्या दिवशी नाक्याकडे जाऊन आले, काही बोलले नाहीत. लग्नाच्या दिवशी मला हळद लावून एका झोपडीत बसवून ठेवलं होतं, बाहेर डोकावूही देत नव्हते. संध्याकाळी मामांनी आत येऊन ती थैली माझ्या हातात ठेवली. मी ठिणगी पाडली, कापूस धरला, चूल पेटली; दाराशी कोण कोण उभं होतं ते धुरात दिसत नव्हतं. बायकोनं पहिली पेज चढवली. धुरानं डोळे चोळायच्या निमित्तानं मी वडलांसाठी रडूनही घेतलं.

थैली हाती आली कशी, हे मी मामांना विचारलं नाही. माझं मी धरून चाललो: नाकेदारानं मामांना दिली असणार आणि मामांनी ती वाळक्या जंगलातून गावापर्यंत आणली असणार. म्हणजे जे होऊ नये म्हणून नाका होता, तेच नाकेदारानं माझ्यासाठी होऊ दिलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. आम्ही जागचे हललो नाही आणि राज्य बदललं. जुन्या रेंजरांनी माझी कधी विचारपूस केली नव्हती. आता नवे रेंजर आले. वनगावांत कोण कोण राहतं, कोण कुठून आलं, याची त्यांनी नव्यानं चौकशी मांडली. धान घरात आल्यावर त्यांचा निरोप आला: जावयानं अर्ज तयार ठेवावा, लग्नाचे साक्षीदार आणि रीतसर आल्याचा पुरावा हजर करावा. पटलं नाही तर गाव सोडावं लागेल.

मामा चुलीपाशी बसले होते. त्यांना मी सगळं वाचून दाखवलं.

"सरकार बदललं म्हंते," मामा म्हणाले. "मंग ते नवं सरकार कोन्या नाक्यावरून आलं इथी? त्यायले विचारलं का कोनं?"

बायको हसली. मला हसू आलं नाही. तिला दिवस गेले होते. मी गेलो तर ती माझ्याबरोबर येणार, मग मामांच्या नावावर कामाला माणूस राहणार नाही आणि जमिनीचा तुकडा जाणार. म्हाताऱ्याचं पुढे काय, हे तिघांनाही दिसत होतं.

माझ्या येण्याचा एकच पुरावा होता, ती चकमक. नाक्याच्या खुंटीवर असती तर रेंजरांना बोटानं दाखवता आली असती. पण ती आमच्या घरात होती, आणि ती इथं कशी आली हे निघालं की नाकेदाराची नोकरी जाणार. त्याची पेन्शन जवळ आली होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे माझं लग्न झालं म्हणून मला राहायचा हक्क मागता येत होता, आणि लग्नासाठीच मी तो हक्क सिद्ध करणारी वस्तू जागेवरून हलवली होती. या गुंत्याचं मला भीतीइतकंच नवलही वाटे. अर्ज लिहिता लिहिता मी थांबे आणि त्याच्याकडे पाहत बसे.

"चकमकीचं नाव काढायचं नाही," मी बायकोला सांगितलं.

"काऊन?"

"मी सांगतो म्हणून."

"तू सांगते म्हणून कोन आयकते?" ती म्हणाली आणि सूप घेऊन अंगणात गेली. तिनं मला कधी अहो-जाहो केलं नाही. तिच्या बोलीत ती पद्धतच नव्हती.

रेंजर आले ते त्याच मोहाच्या झाडाखाली बसले जिथं मी पहिल्या दिवशी बसलो होतो. गावच्या पाटलानं बाज टाकली. रेंजर चाळिशीतले, नागपूरकडचे, बोलायला शांत. त्यांच्या मागं, हातात काठी घेऊन, नाकेदार उभा होता.

लग्नाची चौकशी चटकन झाली. सगळं गाव जेवलं होतं, सगळं गाव साक्षीदार होतं.

"लग्न समजलं," रेंजर म्हणाले. "आता तुम्ही आलात कुठून ते सांगा."

"नाक्यावरून, साहेब."

"कशावरून?"

मी घराकडे पाहिलं. रेंजरांनी मान मागं वळवली. "नाकेदार, हा माणूस तुमच्या नाक्यावरून गेला होता?"

नाकेदारानं मला वरून खाली पाहिलं. "सायेब, किती लोकं जातेत. तोंड पाहून कसं सांगू? त्याची आग पाह्यली तं सांगीन."

लोक हसले. रेंजरांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "आग म्हणजे?"

"काड्यापेटी, चकमक, जे असंन ते. तेच तं घेतो मी. तोंडं कोन ध्यानात ठेवते?"

एवढ्यात बायको उठली. घरात गेली, बाहेर आली, आणि थैली रेंजरांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवून परत आपल्या जागी जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

नाकेदार खाली वाकला. पोलाद बाहेर काढलं, वाकलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. "हां. हा खेकडेवाला. आल्ता, मागच्या नाई, त्याच्या आंधीच्या उन्हाळ्यात. वर्षभर माह्या खुंटीले होती हे."

"मग ती इथं कशी?" रेंजरांनी विचारलं. "लग्न तर वैशाखातलं. आगीचा हंगाम. नाक्यावरची चकमक हंगामात जंगलातून इथवर आली कशी?"

मला नाकेदाराच्या डोक्यावरचे पांढरे केस दिसत होते, आणि तेवढेच दिसत होते.

"साहेब, मी चोरली," मी म्हणालो.

आयुष्यात मी फार खोटं बोललेलो नाही, आणि जे बोललो ते असंच, दुसऱ्याच्या वाट्याचं आपल्या अंगावर घेण्यासाठी. त्यामुळे खोटं बोलायचा मला सरावही नव्हता.

"चोरली? कधी?"

"लग्नाच्या आधी. नाकेदारभाऊ झोपले होते तेव्हा."

नाकेदारानं काठी जमिनीवर आपटली. "माह्या नाक्यावरून चोरली? मी झोपलो होतो? अबे, येवढी नोकरी झाली, माह्या खुंटीवरून कोनाची काडी हालली नाई. सायेब, हा खोटा बोलून राह्यला."

"भाऊ, मी तुमच्यासाठी..."

"माह्यासाठी कायले? मले झोपाड्या म्हंते अन् म्हंते माह्यासाठी." तो रेंजरांकडे वळला. "सायेब, मीच आनली. याचा सासरा मांगाले आल्ता. मी म्हंलं, आगीच्या दिवसात हे तुह्या हातात देनार नाई, तू माहा बाप असला तरी. लगीन हाय तं मी सोता घेऊन येतो. माह्या खिशात आनली, याच्या सासऱ्याच्या हातात देल्ली, चूल पेटली तवा मी दारात उभा होतो. सरकारी मानसाच्या खिशात होती आग. कोन्या रानात उघडी झाली नाई."

"हो," मामा म्हणाले. "जेवला पन."

"थोडंसं," नाकेदार म्हणाला.

सगळं गाव हे जाणून होतं. झोपडीत बसवलेला नवरा तेवढा जाणत नव्हता, आणि मी कोणाला विचारलंच नव्हतं. ज्या माणसाची नोकरी जाईल म्हणून दीड-दोन महिने मला अन्न गोड लागलं नव्हतं, तो माझ्या लग्नात भात वाढून घेत होता.

"तुम्ही इथं होता, तर नाक्यावर कोण होतं?" रेंजरांनी विचारलं.

नाकेदारानं काठी दुसऱ्या हातात घेतली. "नाका होता न सायेब, तिथीच."

या वेळी रेंजर हसले. त्यांनी पेन काढलं. "ठीक आहे. नाक्यावरून आला, हे पटलं. लिहितो तसं."

इथं गोष्ट संपायला हवी होती. बायकोनं सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला. पण नाकेदारानं आपलं सगळं इतकं सरळ सांगून टाकलं होतं की माझ्याच्यानं गप्प बसवेना. पेन कागदाला लागायच्या आत मी बोललो.

"साहेब, नाक्यावरून आलो हे खरं. पण गावापर्यंत रस्त्यानं आलो नाही. मधेच रस्ता सोडला. राखीव जंगलातून आलो."

"झालं," बायको म्हणाली.

रेंजरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला इथं राहायचं आहे ना?"

"हो साहेब."

"मग हे मला का सांगता?"

रेंजर माझ्याकडे, वाटेतल्या अनोळखी झाडाकडे पाहावं तसे पाहत राहिले.

"जंगलात कशाला शिरलात?"

"दगड पाहायला. उभे दगड होते. एक पाहिला, मग दुसरा. कोणी ठेवले ते कळेना."

"काही तोडलंत?"

"टेंभरं खाल्ली."

"रात्री शेकोटी केली?"

"कशानं करणार साहेब? चकमक तुमच्या नाक्यावर होती."

हे मी बोललो तेव्हा त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नव्हतं. रेंजर मात्र थैलीकडे पाहू लागले. आगीशिवाय, कुऱ्हाडीशिवाय, वैशाखात, वाघाच्या जंगलात एक रात्र काढलेला माणूस लाकूडचोर असेल कसा, हे त्यांच्या मनात आलं असावं. मग त्यांनी मामांना विचारलं, "हे दगड काय आहेत?"

मामांनी पाटलाकडे पाहिलं, पाटलानं मान हलवली, तेव्हा म्हणाले, "आमचं गाव तिथी होतं सायेब, अंदर. जंगल राखीव झालं तवा आमाले इथी आनलं. हेच वाट होती गावात याची. मानूस मेला का वाटेवर त्याचा गोटा उभा करत. रस्ता मंग झाला, तुमचा." थांबून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हा जुन्या वाटेनं आला. म्हनून मी याले पडवीत घेतला. नाई तं चारोळीवाले लय येतेत."

मी दीड वर्ष त्यांच्या घरात राहत होतो आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी त्या मुलीनं माझ्याकडे तसं का पाहिलं होतं, ते मला त्या झाडाखाली, सगळ्यांसमोर कळलं.

रेंजरांनी पेन पुन्हा उचललं. म्हणाले, "राखीव जंगलात विनापरवाना शिरलात, हा गुन्हा आहे. किरकोळ आहे. काम करवून घेऊन मिटवायचा मला अधिकार आहे. त्या भागातून यंदा नवी जाळरेषा काढायची आहे, तिच्यावर बिनमजुरीनं काम करा. रेषा पुरी झाली की मी येऊन पाहीन, आणि मग तुमच्या राहण्याच्या कागदावर सही करीन."

घरी आल्यावर बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुले विचारलं नाई ते काऊन सांगते तू?" मी म्हटलं, राहवत नाही. ती म्हणाली, "मले चकमकीचं आंधी सांगितलं असतं तं?" बाहेरच्याला मी न विचारलेलं सांगतो आणि घरच्यांना विचारायचं ते विचारत नाही, ही खोड तिनं तेव्हाच ओळखली.

पौषात काम लागलं. मामा म्हणाले, मी पण येतो. काम नाकेदाराच्या देखरेखीखाली होतं. दोन टोकांना बांबू रोवून मधे दोरी ताणायची, आणि दोरीच्या दोन्ही अंगांनी ठरलेल्या रुंदीत झुडूप, गवत, पाला, दगडधोंडा सगळं काढून जमीन उघडी करायची. रेषा सरळ हवी. वाकडी रेषा राखायला जड जाते. रोज सकाळी आम्ही थोडं पुढं सरकत होतो, आणि एक दिवस दोरी दगडांच्या रांगेला आडवी आली. रस्त्याच्या बाजूचा तो पहिला, धारदार कडांचा दगड दोरीला खेटून उभा होता. पट्ट्यात आला म्हणजे काढायचा.

मामांनी कुदळ खाली ठेवली. नाकेदारानं दगडाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. मग पलीकडच्या टोकाला जाऊन त्यानं बांबू उपटला आणि बराच बाजूला नेऊन रोवला.

"दोरी ढिली झालती," तो म्हणाला. "चला."

दुपारी भाकरी खायला बसलो तेव्हा या वेळी मी विचारलं. "मामा, हा गोटा कोणाचा?"

"हे आपल्या पोरीची माय." मामांनी बसल्या जागेवरून हात लांब करून दगडाच्या कडेला लावला. "पोरगी लहान होती तवाची गोष्ट. जंगल राखीवच होतं. मी अन् पाटलानं आनून उभा केला. कोनाले सांगितलं नाई."

त्यांनी पुढच्या दगडांचीही ओळख करून दिली: त्यांचे वडील, आजा, आजाची बहीण. त्यापलीकडचे त्यांनाही माहीत नव्हते. मी पुन्हा एकदा शेवटच्या दगडापर्यंत चालत गेलो. या खेपेला सरकारी कामावर होतो, त्यामुळे बेकायदा नव्हतं.

फाल्गुनात रेंजर रेषा पाहायला आले. नाकेदार, मामा आणि मी त्यांच्याबरोबर चालत होतो. रेषा स्वच्छ झाली होती, त्यांनी तसं म्हटलंही. त्या जागी आल्यावर ते थांबले. रेषा सरळ येत होती, तिथं काखेत पोटली घेऊन चालणाऱ्या बाईसारखी अंग जरा बाजूला घेत होती आणि पुढं पुन्हा सरळ होत होती.

"ही इथं वळली का?"

"जमीनच तशी हाय सायेब," नाकेदार म्हणाला.

रेंजरांनी जमीन पाहिली. ती सपाट होती. त्यांनी झाडीतला दगड पाहिला, मामांना पाहिलं. मग त्यांची नजर माझ्यावर आली, मी तोंड उघडलं, आणि ते घाईघाईनं दुसरीकडे वळले. नाकेदाराच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी तिथंच उभ्या उभ्या सही केली आणि पुढं चालू लागले. गावात पोचेपर्यंत त्यांनी माझ्याशी हवापाण्याबद्दल पुष्कळ गप्पा मारल्या, पण प्रश्न एकही विचारला नाही. विचारला असता तर मी सांगून टाकलं असतं, हे त्यांना माहीत झालं होतं.